घर गृहीत धरू नका

किशोरवयीन मुलांच्या सक्षमीकरणाचं प्रशिक्षण साहित्य बालगृहात वापरताना काय बदलायला हवं?

मीना झाडावर चढून आंबा काढते आणि घरी घेऊन येते. वाटणीच्या वेळी मोठा तुकडा मात्र राजूच्या हातात पडतो, कारण तो मुलगा. पुढे बहीण-भाऊ एका दिवसापुरती कामांची अदलाबदल करतात आणि मीना दिवसभर किती राबते हे राजूला अंगमेहनतीने कळतं. युनिसेफने दक्षिण आशियातल्या मुलींसाठी 1990च्या दशकात ही मीना घडवली. तिच्या चित्रपटांना ज्येष्ठ अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा हात लागला आणि महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये आजही तिच्या नावाने मीना-राजू मंच चालतात. समानतेचा मुद्दा इतक्या सोप्या रीतीने पोहोचवणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतील.

हीच गोष्ट मुलींच्या बालगृहात सांगायला घेतली की पंचाईत होते. गोष्टीनंतर चर्चेला ठरलेला प्रश्न असतो, ‘तुमच्या घरी मोठा वाटा कोणाला मिळतो?’ समोरच्या मुलींपैकी कुणाला घर आठवत नाही, कुणाला ते आठवायचं नसतं, कुणाचा भाऊ मुलांच्या वेगळ्या संस्थेत असतो. गोष्ट वाईट नाही, प्रश्नही चुकीचा नाही. पण दोन्ही ज्या मुलीसाठी रचले आहेत, ती संध्याकाळी आपल्या घरी परतणारी मुलगी आहे.

बालगृहातही वाटणीचा प्रश्न असतोच. देणगीत आलेल्या कपड्यांतून आधी कोण निवडणार? पोळ्या लाटायची पाळी सारखी कुणावर येते? टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात असतो? मीनाच्या गोष्टीनंतर हे प्रश्न विचारले तर चर्चा थांबवावी लागेल, इतकी रंगते. साहित्याचं रूपांतर म्हणजे नेमकं हेच. मूळ कल्पना तशीच ठेवायची आणि तिच्याखालचं गृहीतक बदलायचं.

साहित्य कुणासाठी तयार झालं?

किशोरवयीनांसाठीच्या बहुतेक अभ्यासक्रमांचा पाया जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली 10 जीवनकौशल्यं हा असतो. स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, भावना आणि ताण हाताळणं वगैरे. आपल्याकडे 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. स्वयंसेवी संस्थांच्या पुस्तिका, खेळ, तक्ते तर भरपूर आहेत. हे साहित्य प्रामुख्याने गाव, वस्ती आणि शाळा डोळ्यांसमोर ठेवून तयार झालं.

मराठवाड्यातल्या पाचोडचं उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिलं जातं. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने 1990च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले आणि त्या भागात मुलींच्या लग्नाचं वय पुढे सरकलं. हे घडलं कारण पालकांनाही त्या कामात सामील करून घेतलं होतं. मुलगी वर्गात जे शिकली ते घरी बोलू शकली आणि ऐकून घेणारं कुणीतरी घरात तयार झालेलं होतं. म्हणजे पुस्तिकेच्या यशाचा निम्मा भार पुस्तिकेबाहेरच्या माणसांनी उचलला होता. बालगृहात तीच पुस्तिका नेली, तर हा भार कोण उचलणार, हे आधी ठरवावं लागतं.

हा प्रश्न मूठभर मुलांचा नाही. केंद्र सरकारने देशभरातल्या बाल संगोपन संस्थांची पाहणी करून घेतली, तिचा अहवाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 9,589 संस्था आणि सुमारे 3 लाख 70 हजार मुलं नोंदली गेली. ही सगळी मुलं आई-वडील नसलेली आहेत, असंही नाही. आई किंवा वडील हयात आहेत पण गरिबी, आजार, व्यसन किंवा हिंसा यामुळे मूल सांभाळता येत नाही, म्हणून बालकल्याण समितीपुढे आलेली मुलं बालगृहांत मोठ्या संख्येने असतात. म्हणूनच ‘तुझे आई-बाबा’ हा उल्लेख जितका खुपतो, तितकंच ‘तुम्हाला कुणी नाही’ हे वाक्यही खुपतं. दोन्ही टाळायला हवीत.

चार जागा बदलायच्या

पहिली जागा, भूतकाळाची. वंशवृक्ष काढा, जीवनाची नदी काढा, लहानपणीची आनंदाची आठवण सांगा, हे खेळ शाळेच्या वर्गात सहज चालतात. हिंसेतून, ताटातुटीतून आलेल्या मुलाला मात्र ते चारचौघांत जखम उघडायला लावतात. त्याऐवजी ‘माझ्या सोबतची माणसं’ असा गोल काढता येतो. मध्ये मूल, भोवती त्याला वाटतील ती माणसं, म्हणजे मैत्रीण, शाळेतले सर, स्वयंपाकाच्या मावशी, अठरा पूर्ण होऊन बाहेर पडलेला दादा. गोल रिकामा राहिला तरी चालेल, हे सत्र घेणाऱ्या ताईने आधीच सांगायचं. नदी काढायचीच असेल तर ती आजपासून पुढे वाहू द्यावी. आणि कुठल्याही खेळात ‘मला सांगायचं नाही’ म्हणण्याचा हक्क पहिल्याच सत्रात, सगळ्यांसमोर मान्य करावा.

दुसरी जागा, विश्वासाच्या माणसाची. पाळीबद्दल आईशी बोल, त्रास झाला तर मोठ्यांना सांग, अशी वाक्यं प्रत्येक पुस्तिकेत असतात. बालगृहात पाळीचं सत्र घ्यायचं तर आधी काही साध्या गोष्टी तपासाव्या लागतात. सॅनिटरी पॅड कुठल्या कपाटात असतात? किल्ली कुणाकडे असते? रात्री गरज पडली तर मुलीने कुणाला उठवायचं? दर वेळी मागून, नोंदवहीत सही करून घ्यावं लागत असेल, तर शरीराबद्दल लाज बाळगू नका हा उपदेश ऐकून काय उपयोग? पॅड न्हाणीघराजवळच्या उघड्या फळीवर ठेवले तर तेवढ्यानेच अर्धं सत्र झालं.

सुरक्षेच्या सत्रात तर जास्तच काळजी हवी. त्रास देणारी व्यक्ती संस्थेतलीच असेल, तर मूल जाणार कुठे? बाल न्याय कायद्याच्या नियमांत याची सोय आहे. प्रत्येक संस्थेत मुलांसाठी सूचनापेटी हवी आणि तिची किल्ली संस्थेच्या कर्मचाऱ्यांकडे नाही, तर व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी. मुलांना हे माहीत असायला हवं. पेटी कुठे आहे, कोण उघडतं, चिठ्ठी लिहिता येत नसेल तर काय करायचं, 1098 वर फोन करायचा तर फोन कुठला वापरायचा, याची सत्रातच उजळणी व्हावी. नुसता क्रमांक पाठ करून घेणं पुरेसं नाही.

तिसरी जागा, वेळापत्रकाची. शाळेत एकाच वयाची मुलं वर्षभर एकत्र असतात. बालगृहात बारा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच खोलीत राहतो. बालकल्याण समितीच्या आदेशाने कुणी मध्येच घरी जातो, कुणी दुसऱ्या जिल्ह्यातून येतो. कुणाची भाषा तेलुगू, कुणाची गोरमाटी. वीस भागांचा, एकावर एक रचलेला अभ्यासक्रम इथे तग धरत नाही. प्रत्येक सत्र त्या दिवसापुरतं पूर्ण असावं, वाचता न येणाऱ्यालाही भाग घेता यावा आणि वयोगट वेगळे बसवावेत. मुलग्यांच्या संस्थांकडे तर खास लक्ष हवं. किशोरींसाठीचं साहित्य पुष्कळ आहे. मुलग्यांना मात्र बऱ्याचदा व्यवसाय मार्गदर्शन देऊन विषय आटोपतात, आणि शरीरातले बदल, मोठ्या मुलांची दादागिरी, रडू येणं यावर कुणी बोलत नाही.

चौथी जागा, निरोपाची. या मुलांनी आधीच बरीच माणसं गमावलेली असतात. मोठ्या उत्साहाने आलेली ताई महिनाभराने येईनाशी झाली, तर तिने शिकवलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. किती वेळा येणार हे पहिल्या दिवशी सांगावं आणि शेवटच्या दिवशी रीतसर निरोप घ्यावा. फोटो मात्र काढू नयेत. अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार बंदी आहे.

आधी मावशी, मग मुलं

सगळ्यात मोठा बदल पुस्तिकेबाहेरचा आहे. ‘नाही म्हणायला शिका’ हे सत्र शिकून आलेली मुलगी संध्याकाळी काळजीवाहक मावशींना म्हणते, मला हे ताट नको. मावशींच्या लेखी ती उद्धट झाली. पन्नास मुलींची जेवणं, आजारपणं, भांडणं दोघी-तिघींनी निभवायची, तर शिस्त हाच त्यांचा आधार असतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांना अंधारात ठेवून मुलींना धीट केलं, तर त्या धिटाईची किंमत मुलींनाच मोजावी लागते. म्हणून मुलांचं पहिलं सत्र होण्याआधी अधीक्षक, मावशी, पहारेकरी, स्वयंपाकी यांच्यासोबत बसायला हवं. त्यांच्या अडचणी ऐकायला हव्यात आणि ‘नाही’ आलं तर काय उत्तर द्यायचं, याचा सराव त्यांच्याकडूनही करून घ्यायला हवा.

सराव करायला जागाही हवी. बाल न्याय कायद्याच्या नियमांनी प्रत्येक संस्थेत 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 अशा वयोगटांच्या बालसमित्या नेमायला सांगितल्या आहेत. त्या कागदावर न ठेवता त्यांच्याकडे खरे निर्णय द्यावेत. रविवारचा बेत काय, देणगीतल्या वस्तूंची वाटणी कशी, अभ्यासाची वेळ कोणती. निर्णयक्षमतेचं याहून चांगलं प्रशिक्षण नाही. जिथे मूल स्वतःच्या शर्टाचा रंगही निवडत नाही, तिथे निर्णय घेण्यावरचं सुंदर सत्रही वाया जातं.

अठरा पूर्ण होताना

आर्थिक साक्षरतेच्या पुस्तिका ‘कुटुंबाचं मासिक अंदाजपत्रक’ करायला सांगतात. सतरा वर्षांच्या ज्या मुलाने कधी भाजी घेतली नाही, गॅस पेटवला नाही, एकट्याने एसटीचा प्रवास केला नाही, त्याला आधी आठवडी बाजारात दोनशे रुपये घेऊन पाठवायला हवं. बँकेची स्लिप भरणं, भाडेकरार वाचणं, पहिल्या मोबाइलवर फसवणूक ओळखणं, आधार, रेशनकार्ड आणि अनाथ प्रमाणपत्र जपून ठेवणं हे त्याच्या जगण्याचे धडे आहेत. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरची मदत, 21 वर्षांपर्यंत, विशेष परिस्थितीत 23 पर्यंत मिळू शकते. हे हक्क सोळाव्या वर्षीच कळायला हवेत, कारण कागद जमवायला वेळ लागतो.

प्रशिक्षण साहित्य तयार करणाऱ्यांना एकच विनंती आहे. छपाईला जाण्याआधी मसुदा बालगृहातल्या मुलांसमोर आणि तिथून बाहेर पडलेल्या तरुणांसमोर ठेवा. कुठलं वाक्य टोचतं, कुठला प्रश्न उपयोगाचा नाही, हे ते नेमकं सांगतील. आणि वाचकांपैकी जे वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला बालगृहात जेवण देतात, त्यांनी पुढच्या वेळी अधीक्षकांना एवढंच विचारावं, ‘इथल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना बाजार, बँक, प्रवास शिकवायला माणूस हवा आहे का?’ हवा असेल तर वर्षभर, ठरलेल्या दिवशी, न चुकता जावं.