रांग वाचता आली की दिवस पुरतो

खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकात एका दिवसात सगळं होत नाही, हे निघतानाच मान्य करून टाकावं. २०१३ साली सुरू झालेल्या या थीम पार्कच्या शेजारीच वॉटर पार्क आहे. दोन्हीकडे जायचा मोह घरातल्या मुलांना हमखास होतो. माझं ऐकाल तर एकच निवडा. कपडे बदलणं, लॉकर, केस वाळवणं, पुन्हा सगळ्यांना गोळा करणं यात दुपार हातची जाते.

बाकीचा वेळ खाते ती रांग, आणि रांगेची लांबी फसवी असते. पडद्यावरच्या खेळांबाहेर ही गर्दी जमते, पण दार उघडलं की पन्नास-शंभर माणसं एकदम आत जातात आणि अंगण रिकामं होतं. रोलर कोस्टरसमोर मोजकीच डोकी दिसतात आणि तरी पाऊल पुढे पडत नाही. किती माणसं उभी आहेत यापेक्षा एका खेपेला किती जातात आणि दुसरी खेप किती वेळाने सुटते, हे आधी बघावं.

नायट्रोच्या फलाटावर हे नीट कळतं. सुमारे चाळीस मीटर उंचीचा, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे धावणारा आणि पाच वेळा माणसाला उलटा करणारा हा कोस्टर. एका ओळीत चौघे बसतात. खांद्यावरून दांडा खाली येतो, पट्टा अडकवायचा असतो. मग कर्मचारी ओळीओळीने प्रत्येकाचा दांडा वर ओढून बघतात, पट्टा खेचून बघतात. ‘काका, चष्मा काढून ठेवा’, ‘ताई, ओढणी आत घ्या’ हे न कंटाळता चाललेलं असतं. कुणाच्या खिशातून मोबाइल निघाला की सगळी गाडी खोळंबते. दोन्ही टोकांचे अंगठे वर झाले की पायाखालची जमीन सरकून बाजूला होते, समोरचं फाटक उघडतं आणि पाय अधांतरी लोंबू लागतात. मागे उभे असलेले लोक या वेळी कुरकुरतात. मला मात्र त्या मुलामुलींचं हे काम बघत राहावंसं वाटतं. दिवसभरातला शेवटचा पट्टाही त्यांना पहिल्याइतक्याच जोराने ओढून बघायचा असतो, आणि ते बघतात.

ही तपासणी घाईने होऊ नये असं वाटत असेल, तर आपणच लवकर जायला हवं. दार उघडल्यावर बहुतेक मंडळी फोटोंत रमतात, शाळांच्या बस यायच्या असतात. तेवढ्यात नायट्रो आणि अंधारातला डीप स्पेस उरकून घ्यावेत. उंचीची पट्टी आधी बघावी. तासभर उभं राहून फाटकावर परत पाठवलेल्या लहानग्याची समजूत घालणं कठीण जातं.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून सकाळी पोटभर खाऊन निघावं आणि दुपारचं जेवण बाराच्या आत आटपावं. एक वाजता जेवणाचीच रांग लागते, आणि तेव्हाच राजासॉरसची होडी बऱ्यापैकी मोकळी असते. शेवटच्या उडीत अंग भिजतं, पण भर उन्हात कपडे वाळतातही. हा डायनासोर कल्पनेतला नाही, हे मुलांना जरूर सांगा. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या हाडांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं.

ऊन तापलं की आजी-आजोबांना घेऊन ‘आय फॉर इंडिया’त बसावं. खुर्च्या वर उचलल्या जातात आणि भल्यामोठ्या पडद्यावर देश पायाखालून सरकत जातो. एका दिवसात तिन्ही पिढ्यांनी शेजारी बसून बघावी अशी जागा इथे मला हीच वाटते. पाठ दुखणाऱ्यांनी हलत्या खुर्च्यांचे खेळ मात्र टाळावेत. पावसाळ्यात जात असाल तर जोराच्या सरीत उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात, तेव्हा असे छताखालचे खेळ आधीच संपवून बसू नका.

संध्याकाळी मिरवणूक निघाली की लहान मुलं आणि त्यांचे आईवडील रस्त्याच्या कडेला दाटी करतात, आणि मोठ्या राइडच्या रांगा ओसरतात. घरातल्या तरण्याताठ्यांना तेव्हा सोडून द्यावं. नायट्रो चालू असेल तर दुसऱ्यांदा जावं आणि या खेपेला मागची ओळ मागून घ्यावी. पुढचे डबे उताराला लागलेले असतात, ते मागच्यांना माथ्यावरून खेचून नेतात, आणि खाली येताना माणूस खुर्चीतून सुटल्यासारखा होतो. पुढच्या ओळीत नजारा मिळतो, पण हा झटका मिळत नाही.