अकराशे पाच नमुन्यांची शांतता

या लेखाचा विषय सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा आहे. तेवढ्यासाठी मी आयुष्यातली काही वर्षं घालवली आहेत आणि त्याबद्दल घरच्यांची बोलणीही खाल्ली आहेत.

२००३ साली मी घरातल्या सीडी संगणकावर उतरवायला घेतल्या. तेव्हा सगळेच हा उद्योग करत होते. फुटपाथवर एका सीडीत दीडशे गाणी मिळत होती, आणि सातशे एमबीत बारा तासांचं संगीत मावतं याचं कुणाला नवलही उरलं नव्हतं. मी मुहूर्ताला निवडली ती ख्यालगायनाची एक सीडी. राग एकच, ट्रॅक तीन : विलंबित, द्रुत आणि तराणा. गाणं मात्र सलग होतं. सीडी काढणाऱ्यांनी मध्ये नुसत्या खुणा केल्या होत्या, आणि सीडी प्लेअरवर ऐकताना खूण कधी ओलांडली ते कळतही नसे. सीडी रिप केली, तिन्ही ट्रॅकच्या एमपीथ्री फायली केल्या आणि हेडफोन लावून बसलो. विलंबित संपून द्रुत सुरू होणार त्या क्षणी तानपुरा तुटला. टक् असा बारीक आवाज, क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा तानपुरा.

सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हे कधी जाणवलं नसेल. गाण्याच्या आधी शांतता, नंतर शांतता. त्यात आणखी जराशी मिसळली तर कुणाला पत्ता लागणार? तानपुरा मात्र अखंड असतो म्हणूनच तानपुरा असतो. पाश्चात्त्यांनाही ही अडचण होतीच. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये गाणी एकमेकांत मिसळत जातात, आणि त्याचे भक्त असेच वैतागलेले असत. मी आधी सीडी पुसली, मग ड्राइव्ह बदलला, मग बिटरेट १२८वरून ३२० केला. टक् जागच्या जागी.

एमपीथ्रीचा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून पटकन पुढे जातो. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अकरापट दाबून दाखवले. युक्ती कानाच्या दुबळेपणावर उभी आहे. वरातीतल्या बँडशेजारी कुणी कुजबुजलं तर ते ऐकू येत नाही. मग ती कुजबुज साठवायची कशाला? १९९२ साली मानक ठरलं, आणि १४ जुलै १९९५ रोजी संस्थेतल्या अंतर्गत मतदानातून ‘एमपीथ्री’ हे फाइलच्या शेपटाचं नाव पक्कं झालं. सुझान वेगा या गायिकेच्या गाण्यावर केलेल्या प्रयोगांची गोष्ट इतक्या वेळा छापून आली आहे की ती मी गाळतो.

कमी वेळा सांगितली जाते ती गोष्ट वेगळी आहे. मानकाने बांधून घातलं ते फाइल वाचणाऱ्याला. फाइल अशी असेल तर आवाज असा निघाला पाहिजे, एवढं पक्कं. आवाजातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हा निर्णय फाइल तयार करणाऱ्या एन्कोडरवर सोडलेला होता. उत्तरपत्रिका कशी तपासायची ते ठरलं, उत्तर कसं शोधायचं ते मोकळं राहिलं. मार्गदर्शनासाठी मानक समितीने ‘डिस्ट१०’ नावाचा नमुना सोर्स कोड जाहीर केला. तो संथ होता आणि त्यातून निघणारा आवाजही बेताचाच होता. पण तो कुणालाही वाचता येत होता, आणि पुढचा सगळा तंटा त्याच्यावरून झाला.

सप्टेंबर १९९८मध्ये फ्राउनहोफरने फुकट एन्कोडर वाटणाऱ्या अनेकांना पत्रं धाडली : पेटंट आमची आहेत, वाटायचं असेल तर परवाना घ्या. एखाद्या कंपनीला परवान्याचा खर्च जड नव्हता. रात्री जागून हौसेने कोड लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तो अशक्य होता. ‘८हर्ट्झ-एमपीथ्री’ हा त्या काळचा एक लोकप्रिय फुकट एन्कोडर या दट्ट्यानंतर बंद पडला.

फ्राउनहोफरला खलनायक ठरवायला मी तयार नाही. त्यांनी दहा-बारा वर्षं घाम गाळला होता. पण ज्या पत्राने फुकटे गप्प बसावेत असा हिशेब होता, त्या पत्राच्याच सुमारास त्यांच्यापेक्षा चिवट माणसं उभी राहिली, आणि ती उभी राहिली कायद्याच्या एका फटीत.

माइक चेंग याने त्याच सुमारास ‘८हर्ट्झ’च्या कोडवर काही दुरुस्त्या केल्या आणि त्यांना नाव दिलं लेम. आवाजाबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा त्याने ते बाजूला ठेवून सरळ डिस्ट१० हातात घेतला. आता गंमत पाहा. डिस्ट१० त्याच्या मालकीचा नव्हता, म्हणून त्याने तो वाटलाच नाही. त्याने वाटलं फक्त ठिगळ, म्हणजे मूळ कोडातल्या कुठल्या ओळी काढायच्या आणि तिथे कुठल्या घालायच्या याची यादी. मूळ कापड ज्याने त्याने स्वतः मिळवायचं. नुसतं ठिगळ कुणालाही पांघरता येत नाही, तसा त्या काळातला लेम एकटा चालवताच येत नव्हता. इंग्रजीत ‘लेम’ म्हणजे लंगडा. चार अक्षरांची फोड मात्र अशी केली होती : ‘लेम हा एमपीथ्री एन्कोडर नव्हे’. नावातच नाव पुन्हा येतं, आणि नावातच कबुलीजबाब. आम्ही एन्कोडर नाहीच, मग परवाना कसला? प्रकल्पाच्या पानावर पुढेही लिहिलेलं असे की हे एमपीथ्री शिकण्याचं शैक्षणिक साधन आहे. असा साळसूदपणा मला फार आवडतो.

चेंग लवकरच बाजूला झाला. सूत्रं मार्क टेलरकडे आली. त्याने वेगाबरोबर आवाजाचा ध्यास घेतला आणि कानाचं एक नवं प्रारूप लिहिलं. फ्रान्समधला गाब्रिएल बूविन्य, जर्मनीतला रॉबर्ट हेगेमान, जपानमधला ताकेहिरो तोमिनागा अशी माणसं जमत गेली. ठिगळावर ठिगळ चढत गेलं आणि मे २०००मध्ये, ३.८१ या आवृत्तीत, डिस्ट१०ची शेवटची ओळही निघाली. मूळ कापड संपलं, उरली ती सगळी ठिगळंच, आणि त्यांची अख्खी गोधडी झाली होती. आता कबुलीजबाब खोटा ठरला होता. लेम हा एन्कोडर होता, आणि पुढच्या काही वर्षांत जाणकारांच्या मते उत्तमातला उत्तम.

तरी पेटंट होतीच. म्हणून लेमच्या मंडळींनी तयार प्रोग्राम कधी वाटला नाही, फक्त सोर्स कोड दिला. तो शिजवून देणारे तिसरेच. ज्यांनी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामवर आजीच्या ओव्या किंवा गॅदरिंगमधलं नाटक एमपीथ्री करून पाहिलं असेल, त्यांना ‘लेम’ची फाइल वेगळी शोधून आणा असं सांगणारी ती चौकट आठवत असेल. ती चौकट या भांडणाचं शेपूट होती. शेवटचं महत्त्वाचं अमेरिकी पेटंट एप्रिल २०१७मध्ये संपलं, त्याच महिन्यात परवान्याची योजना गुंडाळली गेली, आणि २०१९पासून ऑडॅसिटी लेमसकट मिळू लागलं.

लेमवाल्यांच्या नशिबी एक काव्यगत न्यायही आला. ऑक्टोबर २००५च्या शेवटी उघडकीला आलं की सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्या की लपूनछपून एक प्रोग्राम बसवतात. उद्देश हा की लोकांनी सीडी रिप करू नयेत. बावन्न अल्बम, जगभर बोभाटा, मग सीडी परत मागवण्याची नामुष्की. पुढच्या काही दिवसांत त्या संरक्षक प्रोग्रामच्या पोटातच लेमच्या कोडाचे तुकडे आढळले. लेमचा परवाना साधा आहे : वापरा, पण वापरल्याचं सांगा आणि अटी पाळा. इथे त्याचा मागमूस नव्हता. चोर पकडायला ठेवलेल्या रखवालदाराच्या खिशात शेजाऱ्याचीच चीजवस्तू निघाली.

मला माझ्या तुटलेल्या तानपुऱ्याचं उत्तर याच लेमच्या सोर्स कोडच्या गाठोड्यात सापडलं. कोडबरोबर काही कागदपत्रं येतात, त्यांत तांत्रिक शंकासमाधानाचं एक पान आहे. रूक्ष, सजावट नसलेलं. त्यातला पहिलाच प्रश्न असा : एमपीथ्री पुन्हा उलगडली की ती मूळ ध्वनीपेक्षा लांब का भरते? इतके महिने मी सीडी पुसत होतो, आणि माझा प्रश्न तिथे पहिल्या क्रमांकावर उत्तरासकट बसला होता.

उत्तर समजायला कौलारू छप्पर डोळ्यांसमोर आणा. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करते, पण ते विटांसारखे शेजारी शेजारी मांडत नाही. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर अर्धा चढलेला असतो, म्हणून सांधा ऐकू येत नाही. हे गणित प्रिन्सेन, जॉन्सन आणि ब्रॅडली यांनी १९८७मध्ये मांडलं. त्याची पूर्वज असलेली रीत जानेवारी १९७४च्या एका निबंधात प्रसिद्ध झाली, आणि तिचे जनक नासिर अहमद हे बंगळूरात जन्मलेले. त्यांनी या कामासाठी १९७२मध्ये अमेरिकेत सरकारी अनुदान मागितलं होतं, तेव्हा परीक्षकांना ती कल्पना फारच सोपी वाटली आणि अर्ज फेटाळला गेला. आज छायाचित्रांची जेपेग फाइलही त्याच सोप्या कल्पनेवर चालते. असो. कौलांत अडचण येते ती काठावर. पहिल्या ओळीखाली कौल नसतं, तेव्हा तिथे जादा काहीतरी घालून उंची साधावी लागते. एमपीथ्रीत ते जादा म्हणजे शांतता. लेम सुरुवातीला ५७६ नमुने घालतो, उलगडणाऱ्याच्या चाळणीत ५२९ जातात. बेरीज ११०५. दर सेकंदाला ४४,१०० या हिशेबाने सेकंदाचा चाळिसावा भाग.

ही झाली पुढची कड. मागची कड याहून मजेदार. सीडीवरचा ट्रॅक सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाच्या, म्हणजे ५८८ नमुन्यांच्या पटीत असतो. एमपीथ्रीची फ्रेम, म्हणजे फाइलीतला एक गठ्ठा, ११५२ नमुन्यांची. कागदावर लसावि काढला तो ५६,४४८. म्हणजे सीडीचे ९६ तुकडे झाले की एमपीथ्रीच्या बरोबर ४९ फ्रेम भरतात. शहाण्णवांतून एकदा हे दोघे एका उंबरठ्यावर भेटतात. बाकी पंचाण्णव वेळा शेवटची फ्रेम अर्धवट राहते आणि तीही शांततेने भरली जाते. मूळ मानकात या भरतीची नोंद करायला जागाच ठेवलेली नाही. संगीत कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे फाइललाच माहीत नसतं.

लेमवाल्यांनी ही जागा स्वतः तयार केली. दुसऱ्या एका कंपनीच्या एन्कोडरने फाइलच्या आरंभी ‘झिंग’ अशी खूण असलेली एक मुकी फ्रेम घालायची प्रथा पाडली होती. लेमने ती उचलली आणि तिच्या रिकाम्या पोटात आपलं टिपण ठेवलं : नऊ अक्षरांत आपलं नाव आणि आवृत्ती, आणि पुढे तीन बाइटांत दोन आकडे. सुरुवातीला किती शांतता घातली, शेवटी किती. बस. ज्या प्लेअरला वाचता येतं तो तेवढी शांतता कापून तानपुरा जोडतो. ज्याला येत नाही, तो ती मुकी फ्रेमही इमानेइतबारे वाजवतो आणि शांतता आणखी वाढवतो. औषध न ओळखणाऱ्याचा आजार औषधानेच बळावतो, असला प्रकार. अॅपलच्या आयट्यून्सला सलग वाजवणं जमलं ते २००६मध्ये, सातव्या आवृत्तीत.

हे वाचल्यावर मी २००३ची ती द्रुताची फाइल कच्च्या रूपात उघडली. आकडे आणि चिन्हं यांचा नुसता चिखल. त्यात पहिल्याच काही ओळींत चार अक्षरं स्वच्छ दिसली, एल-ए-एम-ई, आणि त्यापुढे थोड्या अंतरावर ते तीन बाइट. ताम्रपट सापडल्यासारखं वाटलं. तो माझ्याच टेबलावर इतके दिवस पडून होता. टिपण ठेवणाऱ्यांना पगार नव्हता आणि मानकाने त्यांना ते करायला सांगितलंही नव्हतं. तरी कुणाचा तरी सांधा तुटेल एवढी काळजी त्यांनी केली. ज्यांनी आपलं नाव लंगडा ठेवलं, त्यांनीच तानपुऱ्याला पाय दिले असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मग मी दुसरा, टिपण वाचू शकणारा प्लेअर आणला. फाइल तीच, एक बाइटही न बदललेली. विलंबित संपलं, द्रुत सुरू झालं, तानपुरा चालूच राहिला.

वाचकांना दोनच विनंत्या. कपाटात रागसंगीताच्या सीडी अजून असतील तर फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवून घ्या. त्यात काही टाकलं जात नाही आणि कडेला काही भरलंही जात नाही. वीस वर्षांपूर्वी केलेल्या एमपीथ्री मध्येच तुटतात म्हणून पुसायला निघाला असाल, तर थांबा. त्या लेमने केलेल्या असतील तर खोट बहुधा फाइलीत नाही, प्लेअरमध्ये आहे. आधी प्लेअर बदलून पाहा.