खाण सापडेल, पण बुडी मारण्याजोगी आहे का?

सातारा - पावसाळा सरला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक जुन्या दगडखाणी पाण्याने भरलेल्या दिसतात. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या या मुलखाला खोल पाण्याचे अप्रूप नाही. त्यामुळे मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची गोडी लागलेल्या तरुणांना घराजवळच्या खाणीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र, पाण्याने भरलेली प्रत्येक खाण बुडी मारण्यास योग्य नसते.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगण्यातील 'स्टोनी कोव्ह' या खाणीतील उत्खनन १९५८ मध्ये थांबले. आज सुमारे ३५ मीटर खोलीची ही खाण पाणबुड्यांचे प्रशिक्षण केंद्र म्हणून ओळखली जाते. नुसत्या पाण्यामुळे हे घडलेले नाही. त्यामागे मोजलेली खोली, पाण्यात उतरण्याची सोय आणि देखरेख आहे.

खाण कशी पारखावी?

डोंगराच्या कुशीत आडव्या कापलेल्या खाणीत पाणी फारसे साठत नाही. जमिनीत खोल गेलेल्या खाणीत पावसाचे आणि खडकाच्या भेगांतून पाझरणारे पाणी साठते. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत ही पातळी उन्हाळ्यात झपाट्याने उतरते. पाहणीसाठी मे महिनाच उत्तम. कारण त्या वेळी कपारी, सुटलेले दगड, तारा आणि टाकून दिलेले लोखंड उघडे पडते. डंपर उतरण्याचा जुना उतार शाबूत असेल, तर तीच आत-बाहेर करण्याची सुरक्षित वाट होय. सरळ तुटलेल्या कड्यावरून जड सामानासह वर येणे जवळपास अशक्य असते. तळाशी दगडाची भुकटी साचलेली असल्यास पायाच्या एका फटक्याने पाणी गढूळ होऊन हात दिसेनासा होतो.

जागेची मालकी सातबारा उताऱ्यावरून कळते. दगड हे गौण खनिज असल्याने खाणपट्ट्याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत मिळते. मालकाची लेखी संमती आवश्यक आहेच. शिवाय ते पाणी गावाच्या पिण्यासाठी वापरले जात नाही, याचीही खात्री ग्रामपंचायतीकडून करून घ्यावी.

उंचीचा विसरलेला हिशेब

सर्वांत महत्त्वाची बाब डोळ्यांना दिसत नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, तर सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. पाण्याखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात विरघळतो. वर येताना दाब झपाट्याने कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंतचे विकार संभवतात. साताऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी असतो. म्हणून येथील १८ मीटरची बुडी समुद्रासाठी केलेल्या तक्त्यात साधारण साडेएकोणीस मीटरची धरावी लागते. तीनशे मीटरपेक्षा अधिक उंचीवर अशी दुरुस्ती करण्याचा संकेत आहे. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने समुद्रात कमरेला बांधलेले शिसेही येथे जास्त होते.

हाच नियम तारकर्लीहून परतणाऱ्यांनाही लागू आहे. वाटेतील आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, असा सल्ला दिला जातो. खोल बुड्या मारणाऱ्यांनी त्याच दिवशी घाट चढतानाही ही सावधगिरी बाळगणे हिताचे आहे.

बुडबुड्यांच्या विकारावर दाबकक्षात उपचार करावे लागतात. मुंबईतील नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात अशी सोय आहे. परंतु सातारा किंवा सांगलीहून तेथे पोहोचण्यास कित्येक तास लागतात. म्हणूनच तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर प्रशिक्षण, अनुभवी जोडीदार, काठावर दोर घेऊन उभा असलेला माणूस आणि उंचीचा हिशेब यांपैकी एकाचीही उणीव असेल, तर खाणीचे सौंदर्य काठावरूनच पाहणे शहाणपणाचे.