जलपर्यटनाचा जमाखर्च

मालाचा भाव ठरविताना व्यापारी हमाली, भाडे व कर धरूनच हिशेब मांडतो. २०२३ साली मुंबईहून गोव्यास सहकुटुंब जलपर्यटनास निघताना मात्र आम्ही हा नियम विसरलो. जाहिरातीतील दर माणशी, तोही एका खोलीत दोघे धरून होता. बंदरशुल्क, सेवाशुल्क व कर निराळे. जहाजावर रोख चालत नव्हती. प्रत्येक खर्च कार्डावर चढे. जेवण भाड्यातच होते, पण मुलांच्या सरबतांचे बिल अखेरीस पाहून आमचे डोळे उघडले! ज्यादा पैसे भरून वरच्या मजल्यावर घेतलेल्या खोलीत हेलकावेच अधिक लागले. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर ते सर्वांत कमी असतात आणि तेथील खोल्या बहुधा स्वस्तही असतात. तात्पर्य, एकूण रक्कम आधी लेखी घ्यावी आणि रोजमेळाची आपली सवय जहाजावरही मोडू नये.