बाँडवरची फारकत आणि कायद्यातला घटस्फोट

पती-पत्नी दोघेही राजी असतील, चार पंचांसमोर बाँडवर म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर फारकत लिहिली असेल आणि खाली नोटरीचा शिक्का बसला असेल, तर घटस्फोट झाला, ही समजूत सोलापूर जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत इतकी रुजली आहे की, अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न लावून देणारी कुटुंबे शिकल्यासवरल्यांतही सापडतात. ही समजूत चुकीची आहे. ज्यांना हिंदू विवाह अधिनियम, 1955 लागू होतो त्यांचा विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याने, म्हणजे पक्षकारांचे हक्क ठरवणाऱ्या औपचारिक निर्णयाने, विसर्जित होतो. याला रूढीचा एक अरुंद अपवाद आहे आणि त्याचा विचार पुढे येईलच. परंतु बाँडवर सह्या करणाऱ्या बहुतेकांना तो अपवाद लागू होत नाही, आणि सह्या करताना त्यांना तो ठाऊकही नसतो.

अशा कागदाचा मजकूर ठरलेला असतो. एक पक्ष ‘लिहून देणार’, दुसरा ‘लिहून घेणार’. उभयतांचे पटत नसल्याने, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने हा दस्त करून दिल्याचे वाक्य. भांडीकुंडी, दागिने आणि लग्नातला मानपान परत पोचल्याची कबुली. पत्नीने पोटगीचा हक्क कायमचा सोडल्याची ओळ. आणि शेवटी दोघांनीही दुसरे लग्न करण्यास एकमेकांची हरकत नाही, अशी मोकळीक. हा साचा जमिनीच्या व्यवहारातून उचललेला आहे हे उघड दिसते. यातील दागिने परत मिळाल्याची कबुली पावती म्हणून उपयोगी पडू शकते. दुसऱ्या लग्नाची मोकळीक मात्र निरर्थक आहे, कारण जो हक्क कायद्याने लिहून देणाऱ्याकडे ठेवलेलाच नाही तो त्याला दुसऱ्याला देता येत नाही.

मग कागदाला सरकारी शिक्का कसा मिळतो, हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही. 1899 च्या भारतीय मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत घटस्फोटाच्या दस्ताची स्वतंत्र नोंद आहे, त्यामुळे शासनच असा दस्त मान्य करते असा तर्क लढवला जातो. मुद्रांक शुल्क हा कर आहे. दस्तावर किती कर घ्यावा एवढेच तो कायदा सांगतो. दस्तातील व्यवहार कायदेशीर आहे की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही. कागद शंभराऐवजी पाचशेचा झाल्याने त्यात जास्त बळ येते, असे मानणाऱ्यांपुढे तर हात टेकावेत. नोटरीचा शिक्काही सही करणारी व्यक्ती कोण आहे आणि सही तिचीच आहे का, यापुरता बोलतो. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नोटरींना स्पष्ट बजावले की, विवाहाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करून देण्याचा अधिकार त्यांना नाही आणि तसे करणे हे गैरवर्तन ठरेल.

आता रूढीचा अपवाद. 1955 च्या अधिनियमातील कलम 29 च्या उपकलम 2 ने रूढीने मान्य असलेला घटस्फोट शाबूत ठेवला आहे, आणि ‘आमच्यात चालते’ असे म्हणणारे नकळत याच तरतुदीचा आधार घेत असतात. परंतु कलम 3 नुसार रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली, निश्चित स्वरूपाची, अवाजवी नसलेली आणि सार्वजनिक धोरणाला विरोधी नसलेली प्रथा. ती न्यायालयात आधी स्पष्टपणे मांडावी लागते आणि मग पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि हा भार रूढीचा आधार घेणाऱ्यावर असतो. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले: रूढीने झालेला घटस्फोट हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे, त्यामुळे तो गृहीत धरता येत नाही. गल्लीतल्या तिघांनी असेच केले होते, एवढ्याने रूढी सिद्ध होत नाही.

जातपंचायतीने परवानगी दिली हे उत्तर तर दीडशे वर्षांपूर्वीच फेटाळले गेले आहे. संभू रघूच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 1876 मध्ये निर्णय दिला की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा नवरा हयात असताना स्त्रीला पुन्हा लग्नाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत, आणि जातीच्या संमतीवर प्रामाणिक विश्वास होता हा बचावही चालणार नाही. पुढे मुंबई प्रांताने, ज्यात सोलापूर जिल्हा होता, 1946 मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली आणि 1947 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. म्हणजे न्यायालयातून घटस्फोट घेण्याची वाट सोलापूरकरांना देशाच्या बऱ्याच भागांच्या आधी खुली झाली होती. तरीही बाँडचा कागद सुटलेला नाही. आता तर पंचायतीचा निवाडा मानला नाही म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणे हाच महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

कागद निरुपयोगी असता तर फारसे बिघडले नसते. तो अपायकारक आहे. पहिला विवाह कायम असताना केलेले दुसरे लग्न शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने न झालेले, ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 नुसार त्याला सात वर्षांपर्यंत, पहिले लग्न लपवले असल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. अशा लग्नातील मुले हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 16 मुळे औरस मानली जातात, पण त्या स्त्रीला कायदेशीर पत्नीचा दर्जा मिळत नाही, आणि हे बहुधा पतीच्या मृत्यूनंतर, कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळला गेल्यावर उघड होते. पहिल्या पत्नीच्या पोटगीचे गणित आणखी विचित्र आहे. पोटगी सोडल्याची ओळ तिला सहसा बांधून ठेवत नाही, कारण निर्वाहाचा वैधानिक हक्क खासगी कराराने संपवता येत नाही. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये, पती-पत्नी परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला या कलमाखाली निर्वाह मिळणार नाही, अशी तरतूद आहे, आणि तोच बाँड परस्परसंमतीचा पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध पुढे केला जातो. गंमत अशी की, न्यायालयातून रीतसर परस्परसंमतीने घटस्फोट घेतलेल्या स्त्रीला ही अडचण येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये वनमाला प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे.

दोघेही खरोखर राजी असतील तर हिंदू विवाह अधिनियमातील कलम 13-ब ची, परस्परसंमतीच्या घटस्फोटाची, वाट 1976 पासून उपलब्ध आहे. एक वर्ष वेगळे राहिल्यानंतर दोघांनी मिळून याचिका दाखल करायची असते. तिच्यासोबत प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका व छायाचित्रे किंवा विवाह नोंदणीचा दाखला, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, आणि पोटगी, मुलांचा ताबा व स्त्रीधन यांबाबत ठरलेल्या सहमतीच्या अटी जोडल्या जातात. निर्वाहाचा वाद असेल तर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात घालून दिला. याचिकेनंतर सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे संमती सांगायची असते, मात्र योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते, असे 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने ठरले. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, आणि बाँडची घाई करणाऱ्यांना नेमकी हीच सोय नकोशी असते.

खर्चाची भीतीही अनेकांना बाँडकडे ढकलते. महाराष्ट्र शासनाने 1994 पासून घटस्फोट, पोटगी, मालमत्ता व हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ केले आहे, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. सोलापुरात त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतात. सात वर्षे वेगळे राहिल्याने विवाह आपोआप मोडत नाही. सात वर्षांची अट जिवंत असल्याची खबरच नसलेल्या जोडीदारापुरती आहे आणि तेव्हाही याचिका करावीच लागते. वकिलाची नोटीस ही नोटीसच असते, घटस्फोट नव्हे. विवाह नोंदला नव्हता म्हणून घटस्फोट मागता येत नाही, हेही खोटे, कारण नोंदणी नसल्याने विधिवत झालेला विवाह अवैध ठरत नाही. न्यायिक विभक्ततेच्या हुकूमनाम्याने फक्त एकत्र राहण्याचे बंधन सुटते, विवाह कायम राहतो. कलबुर्गी किंवा विजयपूरला सासर असलेल्या सोलापूरच्या मुलीला तिकडेच खेटे घालावे लागतात असे नाही. 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नी स्वतः राहते तिथल्या न्यायालयात ती याचिका करू शकते. मुस्लिम दांपत्याच्या बाबतीत एका दमात दिलेला तलाक बाँडवर लिहिला तरी 2019 च्या कायद्याने तो शून्य आणि शिक्षापात्र आहे.

हुकूमनामा झाल्यावरही दुसऱ्या दिवशी लग्न लावता येत नाही. विरोधात लढल्या गेलेल्या प्रकरणात अपिलाची मुदत संपावी लागते, आणि ती मुदत कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यालाही 90 दिवसांचीच आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये ठरवले. घटस्फोटित स्थळाशी सोयरीक जुळवणाऱ्या कुटुंबांनी साखरपुड्याआधी बाँड नव्हे, हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी, आणि ती दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढची बोलणी थांबवावीत.