एकाच निगेटिव्हची दोन आकाशं

1941 साली छायाचित्रकार अँसल ॲडम्स यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. गावच्या दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन झपाट्याने उतरत होतं आणि प्रकाशमापक काही केल्या सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. त्यावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवलं.

खरी कारागिरी मात्र डार्करूममधली. फोटोच्या कागदावर जितका जास्त प्रकाश पडेल, तितका तो भाग काळा होतो. म्हणून उजळ हवा तिथे हाताने किंवा पुठ्ठ्याने प्रकाश अडवायचा, आकाशाला जादा द्यायचा. 1948मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने अधिक गडद केला; त्यामुळे छापताना तिथून कमी प्रकाश कागदावर पडून गाव उठून दिसू लागलं. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात पुसट ढग आहेत, नंतरच्यांत ते जवळजवळ काळंभोर. मला जुन्या प्रतीच जास्त भावतात, कारण त्या ढगांत संध्याकाळ अजून शिल्लक आहे.