कातडीवरची पट्टी म्हणजे पूर्ण औषध

कर्करोगाच्या वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला गोळी गिळता येत नाही, तेव्हा डॉक्टर कधी कधी फेन्टानिल औषधाची पट्टी लिहून देतात. ती छातीवर किंवा दंडावर चिकटवायची. घरातली माणसे तिला जखमेवरच्या पट्टीसारखीच समजतात. इथेच धोका आहे.

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो केसाहूनही पातळ, पण भिंतीसारखा पक्का. पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे सिमेंट. इन्सुलिनचा मोठा कण या भिंतीतून जात नाही, म्हणून सुई टोचावी लागते. लहान आणि चरबीत विरघळणारे कण मात्र आत शिरतात. नायट्रोग्लिसरीन त्यांपैकीच एक. सुरुंगाची दारू बनविणाऱ्या कामगारांचे डोके ते नुसते हाताला लागूनही ठणकत असे. आज तेच द्रव्य हृदयरोग्यांना पट्टीतून दिले जाते.

अमेरिकेत 1979 साली अशा पहिल्या पट्टीला मान्यता मिळाली. प्रवासात मळमळू नये म्हणून ती कानामागे लावत. औषध जास्त आत जावे यासाठी शास्त्रज्ञांनी पुढे अनेक युक्त्या काढल्या. औषधात अल्कोहोलसारखी द्रव्ये मिसळणे, वरून झाकून कातडी ओलसर ठेवणे, विजेचा सौम्य प्रवाह देणे, अतिबारीक सुयांची पट्टी लावणे, या त्यांतल्या काही.

पण जे औषधाला वाट देते, तेच अपायालाही वाट देते. फेन्टानिलच्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली किंवा रुग्णाला जोराचा ताप आला, तर औषध जादा शिरते आणि श्वास मंदावतो. ती कापू नये. तीन दिवसांनी काढली तरी तिच्यात औषध उरते. अमेरिकेत टाकून दिलेल्या पट्ट्या लहान मुलांच्या हाती लागून मृत्यू झाले आहेत. म्हणून चिकट बाजू आत करून ती दुमडावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी नष्ट करावी.

स्टिरॉइड मलमाचेही तसेच. चेहऱ्याची आणि जांघेची कातडी पातळ, तिथे मलम जास्त शिरते. वरून प्लॅस्टिक गुंडाळले की आणखी जास्त. नायट्यावर शेजाऱ्याने दिलेले असे मलम चोळले तर खाज थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो.

तेव्हा माता-भगिनींनो, पट्टी असो वा मलम, किती, कुठे आणि किती दिवस लावायचे, हे डॉक्टरांना विचारूनच लावा.